कागदावरची कावीळ

आमच्या कार्यालयात मी कावीळ होऊन गेलेला माणूस म्हणून ओळखला जातो. चहाबरोबर भजी आली की कुणीतरी माझ्यापुढची बशी अदबीने उचलतो आणि म्हणतो, "सरांना नको, त्यांचं लिव्हर नाजूक हाय." मी मान हलवतो. प्रत्यक्षात मला कावीळ कधीच झालेली नाही. पण हे सत्य मी एकदा, अगदी वेळेवर, ज्याला सांगायला हवे होते त्याला सांगून पाहिले आणि त्याने ते मानले नाही. त्यानंतर पुन्हा सांगण्याइतके त्राण माझ्यात उरले नाही.

सर हे माझे पद नव्हे. मी सेलूच्या एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे. त्याआधी बरीच वर्षे मी खाजगी शिकवण्या घेतल्या, दोन विषयांत एम. ए. केले, परीक्षा दिल्या आणि वयाची अट जवळजवळ संपत आली असताना ही नोकरी लागली. स्थळे पूर्वी नोकरी विचारीत. नोकरी लागली तेव्हा वय विचारू लागली. त्यामुळे आई गेल्यावर घरात मी आणि वडील असे दोघेच राहिलो: ते ताडकळसला, मी आठवडाभर सेलूत भाड्याच्या खोलीत. लिहिण्याचेही तसेच. या वयात हाती लेखणी धरताना संकोच वाटतो. चार वाक्ये लिहून झाली की त्यांतली तीन कुणाची तरी परवानगी मागत उभी आहेत असे वाटते.

वडिलांना मी आबा म्हणतो. येलदरीच्या धरणावरच्या वीजघरात त्यांनी सारी हयात पाळ्यांमध्ये काढली. पाळी संपली तरी पुढचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तिथला दंडक होता. त्या पुढच्या माणसाला ते रिलीव्हर म्हणत. माझा जन्म झाला तेव्हा रिलीव्हर आला नव्हता, म्हणून आबांनी मला दुसऱ्या दिवशी पाहिले, असे आई सांगत असे. ती तक्रार म्हणून सांगत असे. आबा तीच गोष्ट अभिमानाने सांगत.

माझ्या नोकरीचा परिवीक्षेचा काळ चालू असताना, म्हणजे ज्या खुर्चीवर मी बसत होतो ती अजून पुरती माझी झालेली नसताना, आबा न्हाणीत घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली आणि त्या धावपळीत माझ्या किरकोळ रजा संपून गेल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की आता हाडापेक्षा मनाची काळजी आहे. यांनी लवकर पाय टेकला तर चालतील. भीतीने पडून राहिले तर मग कायमचेच पडून राहतील.

रजा मागायची म्हणून मी मोठ्या भाऊसाहेबांच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिलो. मोठे भाऊसाहेब म्हणजे आमचे अव्वल कारकून. कार्यालयातला प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जातो. माझ्या आधी उभे असलेले सगळे निघून गेले, माझ्या नंतर आलेलेही निघून गेले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"बोला सर. कवापासून उभे हाव?"

"वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आहे. घरी दुसरं कुणी नाही. एक महिना रजा मिळाली तर..."

"कुणाच्या नावानं?"

मला प्रश्न कळला नाही.

"म्हंजे आजारी कोण हाय? तुमी का वडील?"

"वडील."

"मग जमत न्हाई." त्यांनी पेनचे टोपण लावले. "मार्चअखेर हाय. वडिलांच्या नावानं अर्ज टाकला की साहेब विचारणार, भाऊ न्हाई का, बहीण न्हाई का, बायको काय करायलीय. तुमी काय सांगणार?"

मी हातातला कोरा कागद दुमडला.

"हे बघा, रजा हक्क म्हणून मागता येत न्हाई. नियमातच हाय. आईबाप आजारी पडले तर साहेब नामंजूर लिहून मोकळे होतेत. पण माणूस सवता आजारी असला, वर डॉक्टरचा कागद असला, तर हात धजत न्हाई. उद्या काही बरंवाईट झालं तर? तवा तुमी सवता आजारी पडा."

"पण मी तर..."

"सर, तुमी लय शिकलेले हाव. त्याच्यामुळं वेळ लागायलाय समजायला." हे ते हसून म्हणाले, त्यात वाईट हेतू नव्हता. "तुमची परिवीक्षा चालू हाय. न सांगता घरी बसलात तर सेवेत खंड. खंड पडला की समदं मागं. या वयात पुन्हा परीक्षा देताव का?"

मग त्यांनी माझ्यासाठी आजार निवडला, जसा एखादा वडीलधारा लग्नासाठी कापड निवडतो. ताप नको, तो दोन दिवसांचा. कंबर नको; अर्धे कार्यालय कंबर धरूनच बसले आहे, कुणाचा विश्वास बसणार नाही. हात मोडला म्हणावे तर प्लास्टर दाखवावे लागते. "कावीळ बेस," ते म्हणाले. "महिना आरामात जातोय. अन् लागंल या भीतीनं भेटायला कुणी येत न्हाई."

एका ओळखीच्या डॉक्टरांनी दाखला दिला. रजा मंजूर झाली. नोकरी वाचली, असे मी परतीच्या बसमध्ये स्वतःला सांगत होतो. पण आनंद व्हायला अंगात काही शिल्लक असावे लागते.

त्यानंतरचे दिवस एकसारखे गेले. सकाळी आबांना कुशीवर वळवायचे, पाठ पुसायची, चादर बदलायची, भांडे द्यायचे आणि न्यायचे. मी आणि आबा आयुष्यात एकमेकांच्या फारसे जवळ बसलेलो नव्हतो. आता हे सारे करताना ते भिंतीकडे तोंड करीत आणि मी वर पत्र्याच्या वाशांकडे पाहत असे. मला भाकरी थापता येत नाही. वरणभात करायचा आणि शेजारून भाकरी आली तर दूध घालून कुस्करायची. दुपारी पत्रा तापला की ओला पंचा त्यांच्या कपाळावर ठेवून मी खाली चटईवर टेकत असे, आणि डोळा लागतो न लागतो तोच ते हाक मारीत. हाकही अवघडलेली: "जागा हाईस का?"

ते उभे मात्र राहत नव्हते. दवाखान्यातून आणलेला वॉकर खाटेच्या कोपऱ्याशी उभा होता आणि मी त्यावर त्यांचा टॉवेल वाळत घालीत होतो. रोज विचारले की रोज उत्तर ठरलेले: "उद्या बघू." दोनदा मी त्यांना काखेत धरून उठवले; पाय जमिनीला लागताच त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले, आणि ते पुन्हा आडवे झाले. मला राग येत असे. राग दाखवण्याचीही मला सवय नाही. मी बाहेर जाऊन भांडी घासीत असे.

मोठ्या भाऊसाहेबांचा एकच अंदाज चुकला. भेटायला माणूस आला.

तो आमच्या आवक-जावक टेबलावरचा सहकारी होता, मनाने भाबडा. त्याची सासुरवाडी आमच्या बाजूची. बाजाराच्या दिवशी तिकडे आला आणि वाट वाकडी करून माझी चौकशी करायला थांबला. मी केळी आणायला बाजारात गेलो होतो. परत आलो तेव्हा दारात मोटारसायकल उभी होती, हँडलला उसाच्या कांड्यांची मोळी बांधलेली. आत तो स्टुलावर बसून आबांना सांगत होता, "उसाचा रस द्या, काका. फुटाणे द्या. तेल बंद म्हंजे बंद. आमच्या मेव्हण्याला झाली होती, डोळे हळदीवानी झाले होते. पण सरांनी येळेवर रजा घेतली, बेस केलं."

आबा त्याच्याकडे पाहत नव्हते. ते दाराकडे, माझ्याकडे पाहत होते.

तो गेल्यावर त्यांनी मला खाटेजवळ बोलावले. मग म्हणाले, "तुला कावीळ झाली अन् तू मला सांगितलं न्हाईस."

मी लगेच सांगितले. काहीही न लपवता, क्रमाने सांगितले: मार्चअखेर, साहेब, दाखला, सगळे. "कावीळ फक्त कागदावर आहे, आबा. मला काही झालेलं नाही. तुमच्यासाठी रजा हवी होती, ती अशी मिळाली."

"कागदावर कशी असंल? डॉक्टरचा शिक्का हाय का न्हाई?"

"आहे."

"सरकारनं मान्य केलं का न्हाई?"

"केलं."

"मग?" ते छताकडे पाहत म्हणाले. "डॉक्टर खोटा, सरकार खोटं, अन् तू एकटा खरा. लहानपणी ताप आला तर पांघरुणात तोंड घालून पडायचास. गोवर निघाला तवा मास्तरनं आमाला सांगितलं. तू आपल्या तोंडानं कवा सांगितलंस, मला दुखायलंय म्हून?"

ते खरेच होते. जन्मभर मी जे सांगितले नाही, त्याच्या भाराखाली जे सांगितले ते दडपून गेले.

त्या दिवसापासून आबांनी मला अंगाला हात लावू दिला नाही. संसर्गाची भीती नव्हती. कावीळ झालेल्याने ओझे उचलू नये, असा त्यांचा पक्का समज होता. मी उचलायला वाकलो की ते खाटेची पट्टी धरून ठेवीत. भांडे स्वतः ओढायला गेले आणि सगळे अंथरूण भिजले. ओल्या अंथरुणात ते पडले होते, मी उभा होतो, आणि ते म्हणत होते, "तू बस. खाली बस. दम खा." मी बसलो. मला खरोखरच दम लागला होता.

संध्याकाळी त्यांनी उशाचा बटणांचा मोबाइल काढून येलदरीला बहिणीला फोन लावला. "माझा रिलीव्हरच आजारी पडलाय," ते म्हणाले. "तू ये."

आत्या दुसऱ्या दिवशी आली. नोकरीच्या काळात आबांनीच तिला येलदरीला दिली होती. आता ती विधवा आहे आणि मुलांच्या संसारात तिला फारसे काम उरलेले नाही. पिशवी ठेवली, भावाच्या पायांवरून हात फिरवला आणि चुलीकडे आली. परातीत पीठ घेता घेता तिने माझ्याकडे नीट पाहिले.

"डोळे तर कापसावानी पांढरे हायेत. कोण म्हणतंय कावीळ?"

मी तिलाही सगळे सांगितले. तिने ते लगेच मानले. भाकरी थापण्याचा हात थांबला नाही. "अन् दादाला?"

"त्यांनाही सांगितलं. ते ऐकत नाहीत. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील."

"बघू," ती म्हणाली. पण तिचे लक्ष खाटेच्या कोपऱ्यातल्या वॉकरकडे गेले होते. "त्याच्यावर टॉवेल कामून टाकलाय?"

"ते उठतच नाहीत, आत्या."

तिने टॉवेल काढून दोरीवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, "याचे डोळे बघायचेत मला. इकडं ये रे." मी जवळ गेलो. त्यांनी अंगठ्याने माझी पापणी खाली ओढली आणि सोडली. "हितं काय दिसतंय. अंधार हाय." मी मोबाइलचा दिवा लावला. "त्यो उजेड निळा असतोय. कावीळ उन्हात बघावी लागते." मग बहिणीला म्हणाले, "तू याला उन्हात ने अन् बघून सांग."

आत्याने मला दाराबाहेर ओट्यावर नेले, उन्हाकडे तोंड करून उभे केले, माझ्याकडे पाहिले नाही, आणि आत जाऊन म्हणाली, "मला काय कळत न्हाई, दादा. माझे डोळे आता काम देत न्हाईत. तूच बघ."

"मी कसं बघू?"

"आता ते तुझं तुला ठावं. लेकरू तुझं हाय."

मी ओट्यावर उभा होतो. आत खाट करकरली. मग आबांचा आवाज आला, "तो वॉकर दे इकडं."

मी आत धावणार होतो. आत्याने दारातूनच हाताने मला थांबवले. "तू हलू नको. उन्हातच थांब." ती त्यांच्या बाजूला चालत होती, पण त्यांना धरत नव्हती. वॉकर पुढे सरके, थांबे, पुन्हा सरके. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता आणि ओठ आत ओढलेले होते. उंबऱ्याशी ते इतका वेळ थांबले की आता परत फिरतील असे मला वाटले. मग पाय उंबऱ्याबाहेर आला.

माझ्या समोर उभे राहून त्यांनी पापणी खाली ओढली. त्यांचा अंगठा थरथरत होता. त्यांनी एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला.

"हाय," ते म्हणाले. "कोपऱ्यात पिवळं हाय." आणि आत्याकडे वळून, जिंकलेल्या माणसाच्या आवाजात, "म्हणतोय, मला काही झालं न्हाई."

त्या दिवसापासून हा रोजचा क्रम झाला. आबा फक्त माझे डोळे पाहायला उठत. व्यायामासाठी, देवासाठी, जेवणासाठी कशासाठीही नाही. मी तेल नसलेली भाजी खात असे, फुटाणे चघळीत असे, उसाचा रस पीत असे. एकदा मी आत्याला चुलीजवळ म्हणालो, की हे नाटक मला आता झेपत नाही. ती म्हणाली, "तुला काय झेपायचंय त्याच्यात? नुसतं उभं तर राहायचं हाय." काही दिवसांनी सकाळी तोंड धुताना मी आरशात पापणी ओढून पाहिली. कोपऱ्यात मलाही किंचित पिवळे दिसले. न झोपलेल्या माणसाचे डोळे तसेच दिसत असावेत.

रजा संपली. निघण्याच्या सकाळी आबांनी मला आणि आत्याला समोरासमोर उभे केले. "चार्ज दे," ते म्हणाले. गोळ्या कोणत्या, कधी, जेवणाआधी की नंतर, जखमेवर काय लावायचे, हे मी मोठ्याने सांगितले आणि आत्याने मोठ्याने परत म्हणून दाखवले. ती मध्येच हसू लागली तेव्हा आबांनी तिला दटावले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता तू मोकळा." मी पिशवी उचलली. त्यांनी ती उचलू दिली नाही. शेजाऱ्याला हाक मारून बसथांब्यापर्यंत पोहोचवायला लावली.

कार्यालयात तंदुरुस्तीचा दाखला दिला आणि माझ्या खुर्चीवर बसलो. सगळ्यांनी प्रकृती विचारली. आवक-जावकच्या सहकाऱ्याने माझ्या चेहऱ्याचा रंग परत आल्याचे सर्वांना सांगितले. सर्वांच्या देखत वडिलांची चौकशी कुणीच केली नाही, आणि करणार तरी कशी. रजेच्या कागदांत ते कुठेच नव्हते. फक्त मोठे भाऊसाहेब सही घेताना खालच्या आवाजात म्हणाले, "पाय टेकला का?"

"टेकला."

"मग झालं," असे म्हणून त्यांनी पुढचा कागद ओढला. परिवीक्षा पूर्ण झाल्याचा आदेश अजून यायचा आहे. येईल, असे ते म्हणतात.

आता मी दर शुक्रवारी संध्याकाळी ताडकळसला जातो आणि सोमवारी पहाटे निघतो. पोहोचतो तेव्हा अंग इतके आंबलेले असते की जेवतानाच झापड येते. शनिवारी सकाळी मात्र आत्या उठवते. पहिल्या वेळी तिने मला ओट्यावर उभे केले होते. पुढच्या वेळी म्हणाली, "हितं सावली पडायलीय, लेकरा, जरा मागं सरक." त्याच्या पुढच्या वेळी आणखी मागे. खरे तर आधीच्या जागीही सावली नसते. मी काही विचारीत नाही. ती दाखवील तिथे जाऊन उन्हात उभा राहतो.

गेल्या शनिवारी तिने मला पार रस्त्याच्या कडेच्या हापशापर्यंत नेले होते. पाणी भरायला आलेल्या बायका माझ्याकडे पाहत होत्या आणि मला कुठे पाहावे ते कळत नव्हते. आबा दारातून निघाले. मध्ये दोनदा थांबले, एका बाईने बाजूला घेतलेल्या घागरीला वळसा घालून आले, आणि वॉकर टेकून त्यांनी माझी पापणी खाली ओढली. अंगठा आता थरथरत नाही.

"अजून हाय जराशी," ते म्हणाले.

"हो. थकवा वाटतो अजून," मी म्हणालो. त्यात खोटे काही नव्हते.

"मग सोमवारी जाऊ नको. रजा टाक."

"रजा संपली, आबा."

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, श्वास सावरीत. हापशाचा दांडा कुणीतरी मारत होते आणि पाणी अजून वर आले नव्हते.

"बरं. मग आता घरी चल," ते म्हणाले. "हळू चाल. दम लागंल तुला." आणि वॉकर फिरवून ते माझ्या पुढे चालू लागले.